किंगरीचा गज आणि दुष्काळनिधीचा जलसा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे आद्य तीर्थ मानले जाते आणि माघ पौर्णिमेच्या यात्रेला तेथे शेजारच्या राज्यांतूनही भाविक येतात. तेथील गुहेच्या परंपरागत कथेत कली कंकालीची मुले शिळेआड कोंडली जातात, जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटते आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीचे सूर ऐकून मुलांच्या अंगी असे बळ संचारते की ती शिळा ढकलून बाहेर पडतात. वादकाचा मात्र त्याच शिळेखाली अंत होतो. ही कथा घटनेचा पुरावा म्हणून वाचता येत नाही, पण वादकाने संकटातल्यांसाठी काय करावे याविषयी या समाजाने बाळगलेली अपेक्षा तिच्यात स्पष्ट दिसते.

गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा गाऊन जतन करणाऱ्या परधानांचे परंपरागत वाद्य म्हणजे किंगरी किंवा बाना: पोकळ लाकडावर कातडे मढवून त्यावर घोड्याच्या केसांच्या तारा ताणायच्या आणि केसांच्याच गजाने, म्हणजे धनुकलीने, त्या घासून स्वर काढायचे. गज तारेवर फिरवून स्वर लांबवण्याचे व्हायोलिनचे तंत्रही मुळात हेच आहे. परधान यजमानाच्या दारी गातो आणि यजमान त्याला धान्य किंवा जनावर देतो, म्हणजे या रूढीत सुरांच्या मोबदल्यात धान्य वादकाच्या घरी येते.

मदतीचा जलसा हा प्रवाह उलटा फिरवतो, कारण त्यात वादक आपला मोबदला भुकेल्यांसाठी सोडून देतो. मराठी रसिकांना हा प्रकार अपरिचित नव्हता: ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन केलेला 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी होता.

१९५२ मध्ये हीच परंपरा जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या रूपाने मुंबईत अवतरली. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मेन्युहिन यांनी दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले होते आणि जुलै १९४५ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्यासह बर्गन-बेल्सन येथील मुक्त झालेल्या छळछावणीतून वाचलेल्यांपुढे वादन केले होते. पंतप्रधान नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले, तेव्हा देश तीव्र अन्नटंचाईतून जात होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि बंगळूर येथील त्यांच्या कार्यक्रमांचे उत्पन्न दुष्काळनिवारणासाठी देण्यात आले.

मुंबईच्या मुक्कामात थकलेल्या मेन्युहिन यांची पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट ठरली. तिच्यासाठी राखलेली पाच मिनिटे पुरली नाहीत, बैठक तासाहून अधिक लांबली आणि त्यातून आयुष्यभराचे गुरुशिष्याचे नाते जुळले. १९५४ मध्ये मेन्युहिन यांनी अय्यंगारांना दिलेल्या मनगटी घड्याळावर त्यांना आपले सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हटले आहे. द्यायला आलेला कलावंत घेऊनही गेला, याची ही कोरीव खूण आहे.

जलशाने दुष्काळ हटत नाही, हेही तितकेच खरे आहे. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला सुमारे वीस लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते आणि त्या प्रमाणात तिकीटविक्रीची रक्कम अल्पच ठरते. आजचा गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्याचा १९९९ पर्यंत भाग होता, त्या भात पिकवणाऱ्या आणि तलावांवर जगणाऱ्या प्रदेशाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ सोसलेले आहेत. पावसाने दगा दिला की भाताच्या बांधीत काय उरते, हे तेथे कोणाला सांगावे लागत नाही. म्हणूनच अशा जलशाचे मोल केवळ रकमेवर ठरवू नये. ज्यांनी भूक सोसलेली नाही अशा श्रोत्यांना ती आपल्याच देशाची भूक आहे याची जाणीव करून देणे आणि वादकाने आपला हक्काचा वाटा आपणहून सोडणे, हे दोन्ही त्यात घडले. कचारगडच्या कथेतही शिळा मुलांनीच हलवली. हिरासुकाच्या किंगरीने त्यांना बळ दिले आणि त्याची किंमत वादकाने स्वतः मोजली.