व्हेनिसी कांचपात्रांचें स्थळ व काळ : एका पेल्याच्या निमित्तानें

कांहीं महिन्यांपूर्वीं जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्या एका स्नेह्यांनीं कांचेचा एक पेला मजकडे तपासण्यास पाठविला. पेला वीतभर उंचीचा आहे. त्याचा दांडा एकमेकांत गुंफलेल्या दोन सर्पांचा असून सर्पांचे तुरे पिवळट हिरव्या कांचेचे आहेत. सोबत विक्रेत्याची चिठ्ठी होती व तींत ‘व्हेनिस, सतरावें शतक’ एवढाच मजकूर होता. स्नेह्यांनीं या पेल्यापायीं बरीच रक्कम वेंचली व त्यामुळें एका घराण्याचें दप्तर त्यांच्या हातचें गेलें. तेव्हां चिठ्ठींतील विधान कितपत ग्राह्य आहे हें ठरविणें अगत्याचें झालें.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, या तीन शब्दांत दोन स्वतंत्र विधानें आहेत. एक स्थळाचें व एक काळाचें. एक खरें ठरल्यानें दुसरें खरें ठरत नाहीं. इ. स. १२९१ मध्यें व्हेनिसच्या सरकारानें शहरांतील कांचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविण्याचा हुकूम काढला; आगीचें भय हें त्याचें नेहमीं दिलें जाणारें कारण होय. पुढें कारागिरांनीं राज्य सोडून जाऊं नये म्हणून कडक कायदे झाले, परंतु ते पुरतेपणीं पाळले गेले नाहींत. शिवाय लिगुरिया प्रांतांतील आल्तारे या गांवची कांचकारांची पंचायत तर आपले उस्ताद परदेशीं आपण होऊन पाठवीत असे. परिणामीं अँटवर्प, लंडन इत्यादि शहरीं हुबेहूब व्हेनिसी घाटाची कांच होऊं लागली. लंडनांत याकोपो व्हेर्झेलिनी या व्हेनिसकरास एलिझाबेथ राणीनें १५७५ त एकवीस वर्षांचा मक्ता दिला. त्याच्या कारखान्यांतील मानल्या जाणाऱ्या कांहीं पेल्यांवर १५७७ पासूनचीं सालें कोरलेलीं आहेत. सालें कोरलेलीं नसतीं तर त्यांतील कित्येक आज व्हेनिसचेच म्हणून दाखविले गेले असते. सारांश, सर्पदांड्यावरून केवळ शैली कळते, गांव कळत नाहीं.

कांचेच्या द्रव्याकडे पाहूं जातां थोडा अधिक आधार मिळतो. आंजेलो बारोव्हिएर यानें पंधराव्या शतकाच्या मध्यास स्वच्छ ‘क्रिस्ताल्लो’ कांच सिद्ध केली, असें मानतात. ती गारगोट्यांची पूड व सीरियाकडून येणाऱ्या वनस्पतींच्या राखेचा क्षार यांपासून होई, व रंग मारण्यासाठीं तींत मँगेनीज घालीत. अशी कांच हलकी असते, तींत किंचित् करडी वा गवती झांक राहते व टिचकी मारल्यास आवाज बोदा येतो. शिशाची कांच जड असून तिचा नाद लांबतो. तिचा मक्ता रेव्हन्सक्रॉफ्ट यास लंडनांत १६७४ मध्यें मिळाला. स्नेह्यांचा पेला हलका आहे व नाद बोदा आहे. एवढ्यानें तो इंग्लंडांतील शिशाच्या कांचेचा नव्हे इतकेंच ठरतें.

खरी अडचण निराळीच आहे. व्हेनिसचें गणराज्य १७९७ त बुडालें आणि नंतर थोड्याच वर्षांत कारागिरांच्या पंचायतीही मोडल्या. धंदा जवळजवळ मण्यांवर येऊन ठेपला. १८६१ त व्हिंचेंत्सो झानेत्ती या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें मुरानोंत संग्रहालय निघालें, व त्यास जोडून काढलेल्या शाळेंत कारागीर जुने नमुने समोर ठेवून शिकूं लागले. अंतोनियो साल्व्हियाती या विचेन्त्साच्या वकिलानें १८५९ त कुट्टिमचित्रांसाठीं कारखाना काढला होता; १८६६ त इंग्रजी भांडवलावर त्याची कंपनी उभी राहिली, व भांडवल देणारांत निनेव्हेचें उत्खनन करणारे लेयर्डसाहेब होते. पुराणवस्तूंचा शोधक पुराणवस्तूंच्या प्रतिकृतींचा भागीदार व्हावा, हा योगायोग मोठा मौजेचा! या कारखान्यानें सोळाव्या-सतराव्या शतकांतील पेले, सर्पदांड्यांसकट, पुनः घडविले व ते १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत मिरविले. यांत फसवणूक मुळींच नव्हती. परंतु ओळख होती ती बहुधा कागदी चिठ्ठीची. चिठ्ठी धुतली गेली कीं पेला अनाथ झाला. सनदेच्या नकलेवरील ‘नक्कल’ हा शब्द असलेला कोपरा फाटावा, तशांतली गत.

आपल्याकडील एक उदाहरण येथें आठवतें. महाराष्ट्रांत पुतळी म्हणून ओळखलें जाणारें सोन्याचें नाणें तें मूळचें व्हेनिसचें, १२८४ पासून पाडलें गेलेलें. त्याच्या नकला हिंदुस्थानांत पुष्कळ झाल्या, व त्या ओळखणें सोपें जातें. कारण सोनारानें लॅटिन अक्षरें न समजतां उठविलीं. साल्व्हियातीच्या कारागिरास ही कसोटी लागत नाहीं. त्याचें बेट तेंच, फुंकणी तीच, आणि अंतोनियो नेरीचा १६१२ चा कांचविद्येवरील ग्रंथ छापलेला उपलब्ध. तो अक्षर चुकत नाहीं.

घाटावर भिस्त ठेवणारांनीं १९२१ चें उदाहरण ध्यानांत ठेवावें. त्या वर्षीं निघालेल्या काप्पेल्लिन-व्हेनिनी कारखान्यासाठीं व्हित्तोरियो झेक्किन यानें व्हेरोनेसेच्या चित्रांतील फुलदाणी उचलून तशीच प्रत्यक्षांत करविली. घाट सोळाव्या शतकाचा व वस्तु विसाव्याची! अक्षरें असतील तर तीं मात्र बोलतात. व्हेनिस इटलीच्या राज्यांत १८६६ त आलें, आणि परदेशी मालावर उत्पत्तीचा देश इंग्रजींत लिहिण्याची सक्ती अमेरिकेनें १८९१ पासून केली. म्हणून ‘मेड इन इटली’ हा छाप दिसतांच सतराव्या शतकाची गोष्ट सोडावी. उलट छाप नसणें हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. केवळ ‘मुरानो’ लिहिलेल्या चिठ्ठीवरही मी भरंवसा ठेवीत नाहीं; मुरानोच्या कांचेसाठीं व्हेनेतो प्रांतानें अधिकृत चिन्हाचा कायदा केला तो १९९४ त.

आतां प्रस्तुत पेला. बैठकीच्या खालील कडेवर ओरखडे आहेत, पण ते सारे एकाच दिशेचे व समान खोलीचे. दोन-तीनशें वर्षें मेजावर सरकलेल्या बैठकीवर ते जेथें टेंकण तेथेंच व सर्व दिशांनीं पडतात. हे कागदानें घांसलेले दिसतात. म्हणजे प्रतिकृतीस कोणी तरी मागाहून खोटें केलें आहे. नंतर अंधारांत अतिनील किरणांचा दिवा धरला. मँगेनीज असलेली जुनी कांचही त्या दिव्यांत मंद पिवळट हिरवी दिसूं शकते, यास्तव फिकट झळाळीवरून निर्णय करूं नये. परंतु येथें पेल्याचें अंग जवळजवळ काळोखांत राहिलें आणि दोन्ही तुरे हिरवेगार पेटून उठले. हें युरेनियम होय. त्या धातूचा शोध क्लाप्रोथनें १७८९ त लावला, व कांचेंत ती सर्रास येऊं लागली ती १८३० नंतरच्या काळांत. तुरे मागाहून चिकटविलेले असते तर सांधा दिसला असता. तो भट्टींतलाच आहे.

म्हणून पेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचा नाहीं. पुनरुज्जीवनाच्या काळांत मुरानोंत घडला असावा असें घाटावरून व सफाईवरून मला वाटतें, पण साल्व्हियातीचें नांव देण्यास पुरावा नाहीं. स्नेह्यांनीं विक्रेत्याची चिठ्ठी फाडूं नये अशी मीं त्यांस विनंति केली. ती पेल्याच्या इतिहासाचाच भाग आहे. तिच्याखालीं त्यांनीं आपल्या हातें लिहिलें आहे : ‘बहुधा मुरानो, १८६० नंतर, बैठक घांसलेली.’