नारायणगावकरांचा आवाज

पुणे-नगर रस्त्यावर सुप्याला आता औद्योगिक वसाहतीचे दिवे आधी दिसतात. पण चैत्र लागला की पारनेरच्या अंगाला असलेल्या गावांत एकच चौकशी सुरू होते : यंदा फड कोणाचा? सुपारी द्यायला कारभारी मंडळी नारायणगावच्या तमाशा फडांच्या राहुट्या गाठतात. तिथलं सगळ्यांत मोठं नाव विठाबाई नारायणगावकरांचं.

पण बाईचा आवाज फडात मुळात नव्हताच. स्त्रीवेषातला नाच्या पोऱ्या नाचायचा. ती चौकट गाजावाजा करून मोडली ती पारनेरच्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंनी. जन्म १८७०चा, महार घरातला. रेठऱ्याहून घरदार सोडून आलेला कुलकर्ण्यांचा पोर, म्हणजे पठ्ठे बापूराव, लावणी लिहायचा आणि पवळा ती उभी करायची. श्रेय मात्र पुढं बापूरावांच्याच पदरात जास्त पडलं, हे मला खटकतं.

विठाबाईंना गाणं वारशानं मिळालं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील आणि चुलत्यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ म्हणून गाजवला. जात पाटीवरच लिहिलेली. विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या आणि ढोलकी-हलगीच्या आवाजातच वाढल्या. खुल्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा गळा तिथं तयार झाला. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट गावोगाव सांगतात. सांगणारे कौतुकानं सांगतात. त्या रात्री खेळ थांबवायला कोणाला सुचलं नाही, हे कोणी बोलत नाही.

तिकडं अमेरिकेत अरेथा फ्रँकलिनही अशीच वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली आणि सोल संगीताची राणी ठरली. तिला राष्ट्राध्यक्षांनी गौरवलं. विठाबाईंनाही १९५७ आणि १९९०मध्ये राष्ट्रपती पदक मिळालं. पुढचं मात्र सारखं नाही. जानेवारी २००२मध्ये विठाबाई गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं.

थोरली लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढून वारसा पुढं नेला. सरकार आता विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. द्यावाच, पण थकलेल्या फडकऱ्याचं मानधन त्याच्या हयातीत, वेळेवर पोचवावं.