मॅडम वॉकर यांची डबी आणि ती वापरण्याची विद्या

१/
ऑगस्ट १९१२. शिकागो शहरात कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. व्यासपीठावर बुकर टी. वॉशिंग्टन. अखेरच्या दिवशी सभेतून एक स्त्री उठली आणि कोणी बोलावले नसतानाही बोलू लागली. कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे, तेथून स्वयंपाकघराकडे आणि तेथून स्वतःच्या जागेवर उभारलेल्या स्वतःच्या कारखान्याकडे झालेला प्रवास तिने सभेला ऐकवला. त्या कारखान्यात केसांचे मलम तयार होत असे.

२/
ती स्त्री म्हणजे मॅडम सी. जे. वॉकर. अमेरिकेतील पहिल्या स्वयंनिर्मित लक्षाधीश स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. परंतु त्यांची संपत्ती सांगितली की गोष्ट पुरी होत नाही. कोणत्या केसांना काय लावावे आणि कसे लावावे, या साध्या दिसणाऱ्या ज्ञानाने हजारो स्त्रियांच्या हाताला काम दिले. हा धागा त्या ज्ञानाचा आहे.

३/
त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७, लुईझियाना राज्यातील डेल्टा या गावी. आईवडील कापसाच्या मळ्यावरचे गुलाम होते. यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि सारा ही त्या घरात स्वतंत्र जन्मलेली पहिली संतती ठरली. ती पाच वर्षांची असताना, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. पुण्यात ज्या मुक्तीचा गौरव झाला, तिच्या पहिल्या पिढीतली ही मुलगी.

४/
ज्या लुईझियानात सारा जन्मली, तेथे केसांवर राज्यकर्त्यांचीही नजर पडलेली होती. हा प्रांत स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ साली, गव्हर्नर मिरो याने कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्रियांनी केस वस्त्राने झाकावेत, असा हुकूम काढला. गोऱ्या स्त्रियांहून त्या वेगळ्या आणि खालच्या दिसाव्यात, हा हेतू. स्त्रियांनी हुकूम पाळला, पण डोक्याला बांधायची वस्त्रे इतकी रंगीत आणि डौलदार निवडली की शिक्षेचाच शृंगार झाला.

५/
सारा सातव्या वर्षी पोरकी झाली. चौदाव्या वर्षी लग्न, १८८५ साली मुलगी, विसाव्या वर्षी वैधव्य. लहानगीला घेऊन ती सेंट लुईस शहरात आली, जेथे तिचे भाऊ केशकर्तनाचा व्यवसाय करीत. तिने मात्र लोकांचे कपडे धुतले. दिवसभर वाफेत आणि साबणाच्या पाण्यात उभे राहून हाती पडत असे जेमतेम दीड डॉलर. याच काळात तिचे केस गळू लागले.

६/
ही तक्रार तिच्या एकटीची नव्हती. गरीब वस्तीतील घरांत नळ नव्हता; पाणी बाहेरून भरून आणायचे आणि तापवायचे. त्यामुळे केस धुणे क्वचितच होई, हिवाळ्यात तर फारच क्वचित. टाळूवर कोंडा आणि खपल्या साचत, त्वचेचे विकार बळावत. धुवायचेच झाले तर घरात असलेला कडक क्षाराचा साबण डोक्याला लागे. निकृष्ट आहाराची त्यात भर. केस मुळाशी कमकुवत होत आणि टोकाशी तुटत.

७/
केसांची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. म्हणून सरळ केस लवकर तेलकट होतात. दाट कुरळ्या केसाला पदोपदी वळणे असतात. तेल टोकापर्यंत पोहोचत नाही आणि केस कोरडा राहतो. त्याचा छेद गोल नसून चपटा असतो आणि वळणाच्या जागी तो लवकर तुटतो. सरळ केसांसाठी ठरवलेला नियम अशा केसांना घातक ठरू शकतो.

८/
तत्कालीन बाजाराला या भेदाशी कर्तव्य नव्हते. बहुतेक प्रसाधने गोऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून बनत. कृष्णवर्णीयांसाठी ज्या जाहिराती छापल्या जात, त्यांतल्या अनेक जाहिराती कुरळे केस हा दोषच मानून ते सरळ करण्याचे आश्वासन देत. निगा कोणी शिकवीत नव्हते.

९/
ही उणीव सर्वप्रथम साराने हेरली असे मात्र नाही. ॲनी टर्नबो (पुढे मलोन) ही कृष्णवर्णीय उद्योजिका १९०२ साली सेंट लुईसला आली आणि घरोघर जाऊन, स्त्रियांचे केस स्वतः धुऊन दाखवून आपले केशवर्धक विकू लागली. ‘पोरो’ हे तिच्या मालाचे नाव. सारा काही काळ तिचीच विक्रेती होती. पुढे दोघींत कडवी स्पर्धा झाली. तरी या धंद्याचा पाया घालण्यात ॲनीचा वाटा मोठा आहे आणि तो बराच काळ विस्मृतीत राहिला.

१०/
१९०५ साली सारा डेन्व्हरला गेली. पुढच्या वर्षी तिने चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला, त्यांचे नाव घेतले आणि त्याआधी ‘मॅडम’ हे बिरुद लावले. मलमाची कृती आपल्याला स्वप्नात एका कृष्णवर्णीय पुरुषाने सांगितली, असे त्या सांगत. मलमाचे मुख्य घटक मात्र पेट्रोलियम जेली आणि गंधक. टाळूच्या विकारांवर गंधकाचा उपयोग वैद्यकाला आधीपासून माहीत होता. डबीत अद्भुत असे काही नव्हते.

११/
वॉकर यांचा भर पद्धतीवर होता. आधी शाम्पूने टाळू नीट स्वच्छ करायची, तीही नियमितपणे. मग मलम केसांच्या लांबीवर न चोपडता बोटांनी मुळांशी चोळायचे. केसांना द्यायचे ते वेगळे, हलके तेल; त्याचे नाव ‘ग्लॉसिन’. शेवटी, हवे असल्यास, तापवलेली धातूची फणी. तेलाचा पातळ थर नसताना किंवा फणी अति तापलेली असताना ती फिरवली, तर केस जळणार. क्रम चुकला की चांगले द्रव्यही वाया जाते, हे विक्रेतीला प्रत्यक्ष करून शिकावे लागे.

१२/
‘शाम्पू’ हा शब्द मूळचा आपल्याकडचा. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे दाबणे, यावरून तो इंग्रजीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्याचे शेख दीन मुहम्मद इंग्लंडातील ब्रायटन येथे अंगमर्दन करीत, ते याच नावाने. पुढे शब्दाचा अर्थ बदलून केस धुणे असा झाला. मराठीतल्या ‘चंपी’ने जुना अर्थ अजून सांभाळला आहे. वॉकर यांच्या पद्धतीतही धुणे आणि चोळणे ही दोन्ही कामे होतीच.

१३/
१९०८ साली वॉकर यांनी पिट्सबर्ग येथे मुलीच्या नावे ‘लेलिया कॉलेज’ काढले आणि केशनिगेचे शिक्षण सुरू केले. १९१० साली उद्योग इंडियानापोलिस येथे नेला. शिकून बाहेर पडलेली स्त्री आपल्या घरच्या एका खोलीत धंदा मांडू शके. जिच्यापुढे मोलकरीण, धोबीण किंवा स्वयंपाकीण याखेरीज फारसा पर्याय नव्हता, ती आता ‘केशतज्ज्ञ’ म्हणवून घेऊ लागली. कंपनीने अशा हजारो स्त्रिया तयार केल्याचे सांगितले.

१४/
आक्षेपही कमी नव्हते. तापवलेली फणी म्हणजे गोऱ्यांचे अनुकरण, असे अनेक कृष्णवर्णीय विचारवंतांना आणि धर्मोपदेशकांना वाटे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनाही हा व्यवसाय रुचत नसे. फणीचा शोध वॉकर यांनी लावलेला नव्हता. आपला उद्देश टाळू निरोगी करणे हा आहे, केस सरळ करणे नव्हे, असे त्या आग्रहाने सांगत. तरीही त्यांच्या दुकानांत केस सरळ होत होते, हेही खरे. सौंदर्याचे मापदंड गोऱ्यांनी ठरवलेले असताना निगा कोठे संपते आणि अनुकरण कोठे सुरू होते, हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही.

१५/
१९१३ सालच्या अधिवेशनात त्याच वॉशिंग्टन यांनी मॅडम वॉकर यांना वक्त्या म्हणून बोलावले. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचे संमेलन झाले. दोनशेहून अधिक प्रतिनिधी आल्या. सर्वाधिक विक्री करणारीला बक्षीस होते, तसेच समाजकार्याला अधिक मदत करणारीलाही. त्याच उन्हाळ्यात ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड घडले होते. केस विंचरून कमावणाऱ्या या स्त्रियांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार करून झुंडबळींविरुद्ध कायद्याची मागणी केली.

१६/
२५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, मॅडम वॉकर यांचे निधन झाले. त्याच महिन्यात त्यांनी एनएएसीपी या संघटनेच्या झुंडबळीविरोधी निधीला ५ हजार डॉलर देऊ केले होते. उद्योगाच्या भावी निव्वळ नफ्यापैकी दोनतृतीयांश वाटा धर्मादाय कार्याला जावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती.

१७/
आज केसांचे १ ते ४ असे प्रकार आणि त्यांचे अ, ब, क हे उपप्रकार सर्वत्र दिसतात. ही वर्गवारी १९९० च्या दशकात केशरचनाकार आन्द्रे वॉकर यांनी रूढ केली. आडनावातील साम्य हा योगायोग. सरळ, लहरी, कुरळे, दाट वळणांचे, असा तिचा क्रम आहे. तो उपयोगी आहे. पण १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे अवघड, असा अर्थ त्यातून काढला तर १७८६ चाच हुकूम नव्या अंकांत लिहिल्यासारखे होईल.

१८/
ही भीती पोकळ नाही. नैसर्गिक केस किंवा वेण्या यांमुळे नोकरीत वा शाळेत भेदभाव करता येणार नाही, असे सांगणारा ‘क्राऊन’ कायदा कॅलिफोर्नियाने संमत केला तो २०१९ साली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. मॅडम वॉकर यांच्या मृत्यूला तेव्हा १०० वर्षे झाली होती.