सात जणांचं रग्बी

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात सात खेळाडू म्हटलं की कबड्डीच आठवते. म्हणूनच सात जणांचं रग्बी मी पहिल्यांदा पाहिलं, ते कबड्डीच्या नजरेनं. अंगावर झेप, कमरेला पकड, हुलकावणी देऊन निसटणं. सारं ओळखीचं वाटलं. फरक एवढाच, की हातात अंड्याच्या आकाराचा चेंडू असतो आणि तो हातानं पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो.

हा खेळ साहेबाचा खरा, पण त्याच्या एका मानाच्या चषकात आपली चांदी आहे. 1870च्या दशकात कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता चषका’साठी झुंजतात.

सात जणांच्या रग्बीचा जन्म मात्र पैशाच्या चणचणीतून झाला. 1883 मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ गावी क्लबसाठी निधी उभा करायचा होता. पंधरा-पंधरा जणांचे अनेक सामने एका दिवसात होणार कसे? नेड हेग या खाटकानं संघ लहान करण्याची कल्पना मांडली. मैदान तेवढंच राहिलं, माणसं निम्म्याहून कमी झाली. आज सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. ऐकायला सोपं वाटतं. पण पंधरा जणांचं मैदान सात जणांनी धावायचं आणि दिवसातून दोन-तीन सामने खेळायचे! शरीर किती वर्षं साथ देणार?

रग्बी युनियनमध्ये खेळाडूला उघडपणे पैसे घेण्याची मुभा 1995 मध्ये मिळाली. 2016 मध्ये सात जणांचं रग्बी ऑलिम्पिकमध्ये आलं आणि रिओत फिजीनं सुवर्ण जिंकलं. त्या देशाचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. आनंद एवढा, की 2017 मध्ये सरकारनं सात डॉलरची नोट काढली! सुवा शहरातल्या गरीब वस्तीतून आलेला जेरी तुवाई त्या संघात होता. टोकियोत तो कर्णधार झाला आणि फिजीनं पुन्हा सुवर्ण नेलं. 2011 च्या जनगणनेत एकट्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. फिजीची दहा लाखही नाही.

आपल्याकडे 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय संघ उतरला. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघांत परदेशी नामवंतांच्या खांद्याला खांदा लावून आपली मुलं खेळली. चेन्नईचा संघ विजेता ठरला. कबड्डीच्या लीगनं 2014 पासून जे केलं, त्याची ही सुरुवात म्हणायची.

पण एखाद्या आईनं विचारलं, ‘यावर पोराचं पोट भरेल का?’ तर काय सांगावं? लीग पंधरा दिवसांची, वर्ष बारा महिन्यांचं. एक गुडघा दुखावला की सारं थांबतं. पुण्याच्या वाहबिझ भरुचा भारतीय महिला संघाच्या कर्णधार झाल्या, पण फिजिओथेरपीचं शिक्षणही त्यांनी पुरं केलं. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. मैदानावर जीव तोडून धावावं आणि दप्तरही सोडू नये. चेंडू मागच्या गड्याकडे देतच पुढे जाणारा हा खेळ आहे. आपल्या मागे कोण उभं आहे, हे त्यात आधी पाहावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)