निवडणारा हात, निवडणारे यंत्र

मावळात यंत्रविद्येचे शिक्षण केव्हा सुरू झाले, असा प्रश्न आम्ही येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना पुष्कळदा विचारतो. 'आमचे कॉलेज निघाले तेव्हा' असेच उत्तर बहुधा मिळते. दोष मुलांचा नाही. तळेगावी १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून हा फंड जमविण्याचे मनावर घेतले आणि लोकमान्य टिळकांनी त्या कामाला आपले बळ दिले. त्या पैशातून नुसता कारखाना निघाला नाही. मुलांना काच करण्याची विद्या शिकवणारी शाळाही त्याच छपराखाली निघाली. जपानात व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवण्यास आले. भट्टीपुढे उभे राहून फुंकनळीच्या टोकावरचा लाल गोळा फुगवण्यास शिकलेली माणसे पुढे दूरदूरच्या काचकारखान्यांत गेली. बुद्धीची विद्या आणि हाताची विद्या यांच्यामध्ये त्या छपराखाली भिंत नव्हती, म्हणून आम्हांस हा इतिहास जवळचा वाटतो.

काचेची गोष्ट काढण्याचे आणखी एक कारण आहे. वाळू, सोडा आणि चुना यांच्या मिश्रणात फुटक्या काचेचे तुकडे घातले की मिश्रण कमी आचेवर वितळते आणि जळण वाचते. फुटकी काच म्हणजे कचरा, हे घरात खरे; भट्टीवर तो माल असतो. मात्र तो निवडलेला पाहिजे. पांढऱ्या काचेत हिरव्या बाटलीचे तुकडे पडले की घाण्याचा रंग बिघडतो आणि फुटक्या कपबशीची खापरी गेली तर ती वितळतच नाही, मालात खड्यासारखी राहते. तेव्हा कारागिराच्या अगोदर कोणीतरी उकिडवे बसून रंगारंगाचे तुकडे वेगळे केलेले असतात. कारखान्याच्या इतिहासात कारागिराचे नाव क्वचित सापडते. या निवडणाऱ्या माणसाचे आम्हांला कोठेच आढळले नाही.

ते नाव सरकारदरबारी लागण्यास पुण्यात १९९३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. संघटनेचे नावच पाहा: माल आधी, माणूस मागून. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली व २००८ साली पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरावेचक हा शब्द आला. एक शब्द कायद्यात येण्यास किती सभा, किती मोर्चे लागतात, हे ज्याने सतरंज्या उचलल्या आहेत त्यालाच ठाऊक.

आता यंत्राकडे वळू. विद्यार्थ्यांनी यंत्रमानव बनवून ते झुंजवावेत अशा स्पर्धा होतात. आशियाई देशांची 'रोबोकॉन' स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली, आणि २००८ व २०१४ साली तिची अंतिम फेरी आपल्या पुण्यास झाली. २००८ चा विषय होता दहीहंडी! गोविंदांच्या जागी यंत्रे होती, इतकाच फरक. युरोपातील 'युरोबॉट' स्पर्धेने २००७ साली तर कचऱ्याचाच विषय दिला. फ्रान्समध्ये ला फेर्ते-बेर्नार या गावी अंतिम फेरी झाली. दीड मिनिटात यंत्राने स्वतःच्या अकलेने बाटल्या आणि डबे गोळा करून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचे. माणसाने हात लावायचा नाही. विषय उत्तम होता. परंतु तिथल्या बाटल्या रिकाम्या, कोरड्या आणि धुतलेल्या होत्या!

धुतलेली बाटली आणि लोणावळ्याची बाटली यांत किती अंतर असते, ते दोन वर्षांपूर्वी आम्ही डोळ्यांनी पाहिले. जवळच्या एका महाविद्यालयातील चार मुले अशाच एका स्पर्धेसाठी कचरा निवडणारे स्वयंचलित यंत्र करीत होती. सरकता पट्टा, वर कॅमेरा, धातू ओळखणारी कॉइल आणि शेवटी चार पेट्या. कॅमेऱ्याला शेकडो छायाचित्रे दाखवून त्यांनी बाटली, डबा, काच आणि कागद शिकवला होता. प्रयोगशाळेत यंत्र चुकत नसे. त्यांना खरा कचरा हवा होता म्हणून ती आमच्याकडे आली आणि आम्ही त्यांना एका निवड-शेडवर घेऊन गेलो. दिवस आषाढाचे होते. येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भुशी धरणावरून आलेला माल चिखलाने लडबडलेला होता. यंत्राने चिक्कीच्या खोक्याला बाटली ठरवले आणि चिप्सच्या चकचकीत पिशवीला पत्र्याचा डबा.

शेडवरच्या मावशी वीस वर्षे निवडीचे काम करीत आलेल्या. त्यांनी प्रथम तोंडाला पदर लावला, मग म्हणाल्या, "पोरांनो, याला नुसतं बघायला शिकवलंय. कान कुठंय त्याला?" त्यांनी दोन पिशव्या कानाशी चुरगाळून दाखवल्या. एक खडखडत होती, दुसरी मऊ कुजबुजत होती. दोन्हींचे भाव निराळे. मग एक बाटली चेपून टोपणासकट पाण्याच्या बादलीत टाकली आणि टोपण काढून वेगळे टाकले. बाटली बुडाली, टोपण तरंगले. काळे प्लास्टिक त्यांनी वेगळे ठेवले होते. मुलांनीच आम्हांला मागाहून सांगितले की मोठ्या कारखान्यांतील अवरक्त किरणांच्या यंत्रांनासुद्धा काळे प्लास्टिक ओळखता येत नाही, कारण काजळी तो किरण गिळून टाकते. मावशींना अवरक्त किरण ठाऊक नव्हता. अडचण ठाऊक होती.

मुले हुशार आणि विनयी होती. त्यांनी तीन आठवडे शेडवर येऊन आराखडा बदलला. पट्ट्याआधी पाण्याची टाकी आली. कॅमेऱ्याला चिखलातली छायाचित्रे दाखवली. कॅमेरा आणि कॉइल दोघांचे एकमत झाले तरच पत्रा म्हणायचे, असे ठरले. आणि चार पेट्यांच्या जोडीला पाचवी पेटी आली, तिच्यावर लिहिले 'माहीत नाही'. यंत्राला खात्री नसेल ती वस्तू तिच्यात पडणार आणि माणूस ती निवडणार. सगळ्या आराखड्यात आम्हांला ही पेटीच अधिक पसंत पडली. आम्ही यंत्राचे वैरी नाही. सुया, औषधांच्या कुप्या, कुजके मांस यांत उघडा हात घालण्याचे काम यंत्राने खुशाल घ्यावे. त्या हातांवरचे व्रण आम्ही पाहिले आहेत.

परंतु मावशींनी पेटी पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारले, "दादा, चार पेट्यांतला चांगला माल यंत्राचा. ही पाचवी माझी. मग माझी हजेरी कशावर?" निवडणाऱ्याचा रोज भावाच्या मालावर निघतो, ज्याला भाव नाही असा सगळा माल पाचव्या पेटीत येणार होता. मुले एकमेकांकडे पाहू लागली. अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता.

त्या रात्री शेडच्या पायरीवर बसून त्यांनी स्पर्धेला द्यावयाचा खर्चाचा तक्ता पुन्हा मांडला. मोटार, पट्टा, कॅमेरा, बॅटरी, टाकी अशा ओळी होत्याच. खाली त्यांनी एक ओळ वाढवली: निवडणारी एक व्यक्ती, दिवसाचा पगार, वजनावर नव्हे. परीक्षकांनी त्या ओळीवर लाल रेघ मारून 'यंत्र स्वयंचलित असताना ही कशाला?' असे विचारले. मुलांनी उत्तरादाखल पाचवी पेटी टेबलावर उपडी केली.