आधुनिक वाद्यरचना, पाश्चात्त्य : विश्लेषण व वादन

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य रचनाकारांच्या वाद्यरचनांची घटना उलगडून पाहणे आणि त्या रचना प्रत्यक्ष वाजविणे ही दोन कामे परस्परांशी निगडित असली, तरी त्यांचे नाते सरळ नाही. मोट्सार्ट किंवा बेथोव्हन यांची रचना वाजविणाऱ्या वादकास तिच्या स्वरलिपीबरोबरच वादनाची एक परंपराही लाभलेली असते. वाक्यांश कोठे संपतो, कोणता स्वर उठावाने घ्यावा, लय कोठे किंचित सैल सोडावी, हे तो गुरूकडून व ऐकीव संस्कारांतून शिकतो. सु. १९०८ नंतर शोएनबर्ग व त्याचे शिष्य यांनी षड्‌जासारखा आधारस्वर मानणारी जुनी स्वरव्यवस्था सोडून दिली, तेव्हा या संस्काराचा आधार वादकाच्या पायाखालून निसटला. कागदावरील चिन्हे पूर्वीसारखीच राहिली. पण त्यांचा अर्थ लावण्याची वहिवाट उरली नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी विश्लेषणाचा आश्रय घेण्यात आला. विश्लेषणाने ती कितपत भरून निघाली, हाच या विषयाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने येथे एक भेद ध्यानात घेणे इष्ट ठरेल. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी जी स्वरलेखनपद्धती रूढ केली, तिच्यात बंदिशीचा सांगाडा नोंदविला जातो. रागविस्तार गायकाने स्वतः करावयाचा असतो. त्यामुळे स्वरलिपी अपुरी आहे, हे आपल्याकडे गृहीतच असते. पाश्चात्त्य संगीतात मात्र स्वर, त्याचा काल, नादाचा लहानमोठेपणा व आघाताचा प्रकार हे सर्व लिहून ठेवण्याकडे उत्तरोत्तर कल वाढत गेला आणि जे लिहिले तेवढेच वाजवावे, अशी शिस्त दृढ झाली. ही शिस्त ज्या काळात परमोच्च बिंदूला पोहोचली, त्याच काळात ‘लिहिले आहे तेच सर्व आहे काय?’ हा प्रश्नही अधिक तीव्र झाला.

व्हिएन्ना येथे नोव्हेंबर १९१८ मध्ये आर्नोल्ट शोएनबर्गने (१८७४–१९५१) खाजगी संगीतप्रयोगांसाठी एक संस्था स्थापन केली. नवी रचना लोकांना कळत नाही, याचे कारण ती वाईट वाजविली जाते हे होय, असे तिचे मूळ सूत्र होते. म्हणून प्रत्येक रचनेच्या भरपूर तालमी होत. तालमींची देखरेख आल्बान बेर्ख, आन्टोन व्हेबर्न, पियानोवादक एडुआर्ट श्टॉयरमान अशा जाणकारांकडे सोपविलेली असे. एकच रचना पुनःपुन्हा ऐकविली जाई. टाळ्या वाजविण्यास तसेच नापसंती दर्शविण्यासही मनाई होती, वृत्तपत्रीय समीक्षकांना प्रवेश नव्हता आणि कार्यक्रमात काय वाजणार हे आधी जाहीर केले जात नसे. १९२१ च्या अखेरीस ही संस्था बंद पडली. तोवर तिने ११७ कार्यक्रमांतून १५४ रचना सादर केल्या होत्या. या तालमींत रचनेचे विश्लेषण होत असे; मात्र ते शेवटी ‘हा स्वर कसा वाजवावा’ या प्रश्नाशी येऊन थांबे. पुढील पिढीत विश्लेषण स्वतंत्र विद्या बनले आणि तालमीपासून दुरावले.

या दुराव्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आन्टोन व्हेबर्नची (१८८३–१९४५) व्हेरिएशन्स फॉर पियानो, ओपस २७ ही रचना. १९३५-३६ मध्ये रचलेली आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही त्रिखंडी रचना जेमतेम सहा मिनिटांची आहे. ती श्टॉयरमानला अर्पण केलेली आहे. सप्तकातील बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडून त्या क्रमाची उलट, प्रतिबिंबित व स्थानांतरित रूपे योजण्याची शोएनबर्गची पद्धती तिच्यात अतिशय काटेकोरपणे पाळलेली आहे. पहिल्या खंडातील स्वरावली मध्यापर्यंत येऊन पुन्हा त्याच वाटेने मागे फिरतात. एखादे वाक्य सुलट-उलट सारखेच वाचता यावे, तसा हा प्रकार आहे.

अवघ्या २२ गणांचा व पुनरावृत्ती धरूनही एका मिनिटाच्या आत संपणारा दुसरा खंड विश्लेषकांचा विशेष आवडता. त्याचा प्रत्येक स्वर मध्य ‘सी’ च्या वरील ‘ए’ या स्वराभोवती तोललेला आहे : एका हाताने या ‘ए’ पासून जितक्या अंतरावर वरचा स्वर घ्यावा, तितक्याच अंतरावरील खालचा स्वर लगेच दुसऱ्या हाताने घ्यावयाचा. जणू ‘ए’ च्या जागी आरसा उभा केला आहे. हे दृश्य कागदावर मोठे देखणे दिसते. परंतु पियानोवर बसणाऱ्याला प्रथम जाणवते ती वेगळीच गोष्ट. हात एकमेकांवरून सतत फेकावे लागतात आणि अतिजलद लयीत, क्षीण, प्रबल व अतिप्रबल अशा तीनच पातळ्यांमध्ये उड्या घ्याव्या लागतात. स्वरांची दोन हातांत वेगळी वाटणी केल्यास हे काम पुष्कळच सोपे होते आणि ऐकणाऱ्यास स्वर तेच ऐकू येतात. पण मग ती धावपळ, नेम चुकण्याची ती भीती नाहीशी होते. आणि हा खंड बव्हंशी त्या भीतीचाच बनलेला आहे, असे ज्याने तो स्वतः वाजवून पाहिला आहे त्यास वाटल्यावाचून राहत नाही. आरशाचा नियम दाखविणाऱ्या आकृतीत ही गोष्ट कोठेही उमटत नाही.

या रचनेचे पहिले जाहीर वादन २६ ऑक्टोबर १९३७ रोजी व्हिएन्ना येथे पेटर श्टाडलेन (१९१०–९६) या तरुण वादकाने केले. तत्पूर्वी काही आठवडे व्हेबर्नने त्याची तालीम घेतली. तालमीत व्हेबर्न गात असे, ओरडत असे, हातवारे करीत असे व पाय आपटीत असे, असे श्टाडलेनने पुढे नमूद केले आहे. पहिल्या खंडाच्या संदर्भात ब्राम्सच्या पियानोरचनांचा आणि दुसऱ्याच्या संदर्भात बाखच्या बी मायनर स्वीटमधील बादिनेरी या चपळ नृत्याचा दाखला तो देई. ज्या स्वरमालेवर सगळी इमारत उभी होती, तिच्याविषयी मात्र तो एक शब्दही बोलला नाही. शिष्याने विचारले असताही त्याने ती समजावून देण्याचे नाकारले. रचना कशी वाजवावी हे वादकास कळले पाहिजे, ती कशी बनविली हे कळण्याची गरज नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्हेबर्न हयात नव्हता. सप्टेंबर १९४५ मध्ये मिटरझिल या ऑस्ट्रियन गावी एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीस तो बळी पडला. त्याच्या पश्चात जर्मनीत डार्मस्टाट येथे १९४६ मध्ये व्होल्फगांग श्टाइनेकेने सुरू केलेल्या उन्हाळी संगीतवर्गांत तरुण रचनाकारांनी व्हेबर्नला आपला पूर्वसूरी मानले. १९५५ मध्ये डी राइअ या नियतकालिकाचा दुसरा अंक संपूर्णपणे त्याला वाहिलेला होता आणि त्यात ओपस २७ च्या तिसऱ्या खंडाचे विश्लेषणही होते. या पिढीने स्वरलिपी डोळ्यांनी वाचली. तिला व्हेबर्नमध्ये दिसले ते क्रमाचे गणित, मौनाने वेढलेले सुटे बिंदू. त्यामुळे या रचना कोरड्या, सुट्या स्वरांनी व शक्य तितक्या निर्विकारपणे वाजविण्याचा प्रघात पडला. तो ज्या माणसाच्या नावावर रूढ झाला, त्याच्या तालमीत असे काही नव्हते, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

श्टाडलेनने स्वतः १९५८ मध्ये एका लेखात या सर्व पद्धतीविषयीच शंका उपस्थित केली. पुढे १९७९ साली व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने ओपस २७ ची, त्याच्या तालमीच्या प्रतीच्या छायामुद्रणासह, नवी आवृत्ती काढली. छापील स्वरांवर व्हेबर्नच्या सूचनांची दाटी झालेली या प्रतीत दिसते. विखुरलेल्या स्वरांतून धुन कोणत्या वाटेने जाते, कोठे लय रेंगाळावी, कोठे पुढे सरकावी, पेडल कोठे दाबावे, भाव कोणता ठेवावा, हे सगळे तीत आहे. छापील आवृत्तीत यांपैकी फारच थोडे आहे.

तथापि या पुराव्याचे वजन जपूनच करावयास हवे. आठवणी वीस वर्षांनंतर लिहिलेल्या आणि श्टाडलेन तोवर या संगीतपद्धतीचा टीकाकार झालेला होता. शिवाय व्हेबर्नला या सूचना छापावयाच्या असत्या, तर त्याला कोणी अडविले नव्हते. हे आक्षेप बिनतोड नाहीत. प्रतीवरील सूचना १९३७ च्या आहेत, नंतरच्या नव्हेत. आणि ज्या गोष्टी व्हिएन्नातील वादकास सहज कळतील असे व्हेबर्नला वाटत होते, त्या त्याने छापल्या नाहीत, हेच अधिक संभवनीय दिसते. ज्या संगीताला सर्वांत अधिक ‘लिखित’ मानले गेले, त्याचा निम्मा ऐवज गुरुमुखातून दिला जात होता, असा याचा अर्थ होतो. मात्र विश्लेषण त्यामुळे व्यर्थ ठरत नाही. पहिल्या खंडातील वाक्ये मध्यापासून मागे फिरतात, हे ज्याला ठाऊक नाही, तो लय कोठे रेंगाळते हे पाठ करील. ती तेथेच का रेंगाळते हे त्याला उमगणार नाही.

कागद आणि कान यांतील अंतर पन्नाशीच्या दशकात अधिकच वाढले. ऑलिव्ह्ये मेस्याँने १९४९ मध्ये एका पियानोरचनेत ३६ स्वर, २४ कालमूल्ये, १२ आघातप्रकार व ७ तीव्रता यांची जोडणी आधीच ठरवून टाकली. त्याचा शिष्य प्येअर बूलेझ याने त्यातीलच स्वरक्रम घेऊन दोन पियानोंसाठी रचलेल्या स्ट्रक्चर्सच्या पहिल्या भागात (१९५१-५२) तीव्रतेच्या १२ पायऱ्या कल्पिल्या. ‘मध्यम-क्षीण’ आणि ‘जवळजवळ क्षीण’ यांतील फरक कोणत्या वादकाच्या बोटांनी करावा व कोणत्या श्रोत्याच्या कानांनी ओळखावा? ग्यॉर्ग्य लिगेटीने १९५८ मध्ये या भागाचे जे प्रसिद्ध विश्लेषण केले, त्यात रचनाकाराने कोठे निर्णय घेतला व कोठे यंत्राला मोकळे सोडले, हे त्याने वेगळे करून दाखविले. स्वतः रचनाकार असल्याने त्याला या यंत्रातील उणिवा इतरांहून लवकर दिसल्या असाव्यात.

वादकाच्या बाजूने या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम अमेरिकन पियानोवादक डेव्हिड ट्यूडर (१९२६–९६) याचे होय. बूलेझचा दुसरा पियानो सोनाटा त्याने डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेत प्रथमच वाजविला. सोनाट्याचे सूत्र त्याला सुरुवातीस हाती लागेना. तेव्हा त्याने फ्रेंच शिकून आंतोनँ आर्तो याचे रंगभूमीविषयक लेखन वाचले आणि त्यातून या संगीताच्या हिंस्र, तुटक प्रवाहाची किल्ली त्याला मिळाली. विश्लेषण म्हणजे केवळ स्वरांची मोजदाद नव्हे, याचे हे चांगले उदाहरण आहे. जॉन केजच्या म्यूझिक ऑफ चेंजेस (१९५१) साठी त्याला उलट मोजदादच करावी लागली. त्यातील लय सतत बदलती असल्याने प्रत्येक भागाचा काल त्याने सेकंदांत काढला व तो स्टॉपवॉच समोर ठेवून वाजवू लागला. केजच्या कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा (१९५७-५८) मधील पियानोचा भाग ६३ पृष्ठांचा असून त्यात ८४ प्रकारची लेखने आहेत. ट्यूडरने त्यातून स्वतःची वेगळी वादनप्रत लिहून काढली. येथे विश्लेषक, वादक आणि काही अंशी रचनाकारही एकच झाला.

यानिस झेनाकिसच्या एव्ह्रिआली (१९७३) या पियानोरचनेत लिहिलेले सर्व स्वर दहा बोटांनी वाजविणे अशक्य आहे. त्यामुळे काय गाळावे हा निर्णय वादकाला घ्यावाच लागतो, आणि तो रचनेचे आकृतिबंध ओळखल्याशिवाय घेता येत नाही. हेल्मूट लाखेनमानच्या प्रेस्यों (१९६९) या चेलोवादनात स्वरलिपी स्वर दाखवीतच नाही. बोटे व गज वाद्याच्या कोणत्या भागावर, कसे फिरावेत हे ती दाखविते. अशा रचनेचे विश्लेषण स्वरांचे नव्हे, तर क्रियांचे करावे लागते. पॅरिसचा आन्सांब्ल अँतेरकोंतांपोरँ (स्थापना १९७६) व लंडनमध्ये स्थापन झालेले आर्डिट्टी चतुष्क (१९७४) यांसारख्या वादकसंचांमुळे रचनाकार व वादक पुन्हा एका खोलीत तालमीस बसू लागले, आणि शोएनबर्गच्या संस्थेतील जुनी रीत निराळ्या रूपाने परत आली.

रचनाकार हयात असला तरी वाद मिटतोच असे नाही. ल्यूचानो बेरिओने (१९२५–२००३) १९५८ मध्ये सेव्हेरीनो गात्सेल्लोनी या बासरीवादकासाठी सेक्वेन्झा १ ही रचना केली. तीत नेहमीची कालमूल्ये नाहीत. ठरावीक अंतरावर खुणा असून दोन स्वरांतील कागदावरची जागा म्हणजेच त्यांतील काल, असा संकेत आहे. वादकास काही मोकळीक मिळावी, पण लयीचा नेमकेपणा जाऊ नये, असा रचनाकाराचा उद्देश होता. प्रत्यक्षात अनेकांनी या मोकळिकीचा स्वैर अर्थ लावला. बेरिओची नाराजी वाढत गेली आणि १९९२ मध्ये त्याने त्याच रचनेची रूढ कालमूल्यांनी लिहिलेली नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तरीही कित्येक बासरीवादक आज दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून अभ्यास करतात आणि कार्यक्रमात १९५८ ची प्रतच समोर ठेवणे पसंत करतात.