परवाना

‘परवाना’ हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. मूळ अर्थ लेखी हुकूम. दरबारी कागदांतून निघून तो बंदूक, दारू, गाडी अशा सगळ्याच सरकारी परवानग्यांना चिकटला. १९५१च्या उद्योग कायद्यानंतर त्याचे वजन फारच वाढले. मोठा कारखाना काढायचा किंवा वाढवायचा, तर दिल्लीचा परवाना हवा. राजगोपालाचारींनी या कारभाराला ‘परमिट-लायसन्स राज’ म्हटले. मराठीत त्याचे ‘परवानाराज’ झाले.

त्याची किंमत किती, हे मोजले ते अर्थतज्ज्ञ ॲन क्रूगर यांनी.

कच्च्या मालाच्या आयातीचा परवाना कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात मिळाला, की मालक गरज नसतानाही यंत्रे वाढवतात, हे त्यांनी १९७४च्या लेखात दाखवले. आधीची यंत्रे बंद, तरी नवी बसवायची! गरीब देशाचे भांडवल असे वाया जावे, हे संतापजनकच. परवाने, कोटा आणि नियंत्रणांमुळे १९६४मध्ये भारतात निर्माण झालेला आयता लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७.३ टक्के होता, असा त्यांचा अंदाज. असा लाभ पटकावण्याच्या धडपडीत समाजाचा होणारा तोटा अर्थतज्ज्ञ गॉर्डन टलॉक यांनी १९६७मध्येच ओळखला होता. ‘रेंट-सीकिंग’ हे नाव मात्र क्रूगर यांचे.

जुलै १९९१च्या धोरणाने १८ उद्योग वगळता बाकीच्यांसाठी औद्योगिक परवान्याची अट रद्द केली.